पोरबंदरची रेघ

शाळेतला नकाशासंग्रह उघडा आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पोरबंदर शोधा. त्यावर पट्टी आडवी धरून पेन्सिलीने पूर्वेकडे रेघ ओढत या. भरूचच्या किंचित दक्षिणेने निघून, शहादा-तळोद्याच्या वरच्या अंगाने सातपुड्यात शिरून, ती मेळघाटात धारणीच्या जरा उत्तरेला येईल. आपला अख्खा वाशिम जिल्हा, रिसोडपासून कारंज्यापर्यंत, या रेघेच्या खाली राहतो. आता तीच रेघ पश्चिमेला समुद्रात वाढवा. १९६५ च्या सप्टेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध पेटलेले असताना भारतीय नौदलाला सरकारचा आदेश होता, की ही रेघ ओलांडून उत्तरेला जायचे नाही.

त्या वेळचे नौदलप्रमुख मराठी होते, व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण. संरक्षणमंत्रीही मराठीच, यशवंतराव चव्हाण. सोमणांना हा आदेश पटला नाही. आपली हरकत त्यांनी वरपर्यंत नेली, आणि निर्णय बदलला नाही तेव्हा तो पाळला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. गोव्याची लढाई त्यांनी जिंकली, त्याबद्दल त्यांचा गौरव व्हायलाच हवा. पण लढायची तयारी असून थांबावे लागणे, आणि थांबताना शिस्तही मोडू न देणे व मतही न सोडणे, याला वेगळीच ताकद लागते.

बंद दार

सोमणांचा जन्म १९१३ चा. त्या काळी आपल्या भागाचा समुद्राशी संबंध होता तो कापसामुळे. वाशिमपासून मुंबईचा किनारा सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर दूर, पण कारंज्याच्या बाजारातला कापूस मूर्तिजापूर-यवतमाळच्या अरुंद रुळांवरून, म्हणजे पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीने, मुख्य लोहमार्गावर जाई, तिथून मुंबईला आणि बोटीने थेट विलायतेला. त्या बोटींवर खलाशी आपले असत, हुकूम सोडणारे मात्र इंग्रज.

सरकारी आरमारातही तेच. १८९२ पासून त्याचे नाव होते रॉयल इंडियन मरीन. फौज वाहून नेणे आणि किनाऱ्याची मोजणी करणे ही त्याची मुख्य कामे. रत्नागिरीच्या खाड्यांमधली मराठा आणि मुसलमान घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे भरती होत. पाण्याचा रंग पाहून खोली सांगणारी ही माणसे, पण अधिकाऱ्याच्या जागी त्यांच्यातला कुणी बसू शकत नव्हता. नियमाने आणि रिवाजाने ते दार बंद होते.

ते उघडायला बाहेरून जोर लावावा लागला. ५ एप्रिल १९१९ रोजी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. भारतीय मालकीच्या जहाजाने परदेशाच्या मार्गावर निघण्याचा तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. जहाज आपले झाले, पण त्यावर कप्तान कुठून आणायचा? कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला गेला, १९२३ मध्ये समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीनंतर १९२७ च्या डिसेंबरात माझगावच्या धक्क्याशी ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज उभे राहिले. सैनिक वाहून नेणारी ही जुनी बोट आता भारतीय मुलांची शाळा झाली. तिच्या पहिल्याच तुकडीत रामदास कटारी नावाचा मुलगा होता. पुढे १९५८ मध्ये तोच भारताचा पहिला भारतीय नौदलप्रमुख झाला.

१९२८ मध्ये डी. एन. मुखर्जी हे मरीनमधले पहिले भारतीय अधिकारी झाले, तेही इंजिन विभागात. २ ऑक्टोबर १९३४ रोजी मरीनचे रूपांतर रॉयल इंडियन नेव्हीत झाले. सोमण ज्या पिढीतून वर आले ती ही. त्यांच्या आधी वाट मळलेली नव्हती, मागून येणाऱ्यांसाठी ती त्यांनाच मळायची होती.

अधिकारी कसा घडतो

सैन्यातला अधिकारी जमिनीवर घडतो. आरमारातला घडतो पहाऱ्यावर, आणि तो पहारा चार-चार तासांचा असतो. मध्यरात्री बाराला उठून तरुण अधिकारी जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकले जाते त्या मंचावर येतो. आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग होकायंत्र, वेग, वारा, जवळपासचे दिवे यांची नोंद घ्यायची. पुढचे चार तास दीडदोनशे झोपलेल्या माणसांचा जीव त्याच्या नजरेवर असतो.

उपग्रह नव्हते तेव्हा जहाज कुठे आहे हे आकाश सांगे. भर दुपारी सूर्य माथ्याच्या सर्वांत जवळ आला, की सेक्स्टंट डोळ्याला लावून त्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची आणि कोष्टके पाहून अक्षांश काढायचा. पहाटे किंवा संध्याकाळी, क्षितिजही दिसते आणि तारेही दिसतात अशा थोड्या वेळात, ध्रुवताऱ्यावरून तेच काम आणखी सोपे होई. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. हे आपल्या शेतात उभे राहूनही करून पाहता येते. हात लांब करून मूठ उत्तरेच्या क्षितिजावर धरा. एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. मुठीवर मूठ ठेवली, की वाशिममध्ये दुसऱ्या मुठीच्या माथ्याशी ध्रुव येतो, कारण आपण आहोत २० अंश उत्तरेला. पोरबंदर आहे २१ अंश ३८ मिनिटांवर. दर्यावर्दी माणसाला अक्षांश ही नुसती पुस्तकातली रेघ नसते. सोमणांच्या पिढीने ती रोज दुपारी उन्हात उभे राहून मोजलेली होती.

युद्ध, उठाव आणि वाटणी

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय नौदलाच्या लढाऊ नौका बोटांवर मोजता येत होत्या. युद्ध संपता संपता माणसांची संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली होती. ‘सतलज’ आणि ‘जमुना’ सिसिलीच्या मोहिमेपर्यंत जाऊन आल्या. ‘बेंगॉल’ या चिमुकल्या नौकेने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात डच तेलवाहू ‘ओंदिना’सोबत दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांना तोंड दिले, आणि त्यांतले एक बुडाले.

नौदल वाढले, पण वागणूक तीच राहिली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतल्या ‘तलवार’ या तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अपमान यांविरुद्ध काम थांबवले. पाहता पाहता उठाव कराचीपासून कलकत्त्यापर्यंत पोचला आणि सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले. मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. नौदलातल्या भारतीय अधिकाऱ्यांसाठी ते दिवस अवघड होते. हुकूम इंग्रजांचा, आणि समोर उभी असलेली माणसे आपली.

पुढच्या वर्षी फाळणीत नौकांचीही वाटणी झाली. ‘सतलज’, ‘जमुना’, ‘कृष्णा’, ‘कावेरी’ भारताकडे राहिल्या. ‘नर्मदा’ आणि ‘गोदावरी’ पाकिस्तानकडे गेल्या. आपल्या पैनगंगेचे पाणी ज्या नदीला जाऊन मिळते, तिच्या नावाची नौका कराचीला गेली आणि तिचे नाव ‘सिंध’ झाले. माणसांचेही तसेच. काल एका टेबलाशी जेवलेले अधिकारी दोन झेंड्यांखाली गेले. १९६५ मध्ये सोमणांच्या समोर पाकिस्तानी नौदलाचे प्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल अफझल रहमान खान. तेही रॉयल इंडियन नेव्हीतच घडलेले.

अंजदीव

१९६१ च्या अखेरीस रिअर अ‍ॅडमिरल सोमण भारतीय ताफ्याचे प्रमुख होते. त्यांचा ध्वज ‘मैसूर’ या क्रूझरवर फडकत होता. गोव्यात पोर्तुगीज अजून ठाण मांडून होते. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून त्यांनी नोव्हेंबरात ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार केला. काही दिवसांनी एक मच्छीमारही त्यांच्या गोळीला बळी पडला. कोकण किनाऱ्यावर बोटीचा प्रवास म्हणजे घरोघरचा व्यवहार, त्यामुळे या बातमीने लोक खवळले.

१८ डिसेंबरच्या सकाळी ‘मैसूर’ आणि ‘त्रिशूल’ अंजदीवपाशी आल्या आणि नौसैनिकांच्या तुकड्या होड्यांतून बेटावर उतरल्या. बेटावर पांढरे निशाण दिसले, आणि तरीही पुढे गेलेल्या आपल्या माणसांवर गोळ्या सुटल्या. सात नौसैनिक तिथे पडले, एकोणीस जखमी झाले. त्यांचे स्मारक त्या बेटावर उभे आहे.

त्याच दुपारी मुरगावच्या तोंडाशी ‘बेतवा’ आणि ‘बियास’ यांनी ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेला गाठले. तोफांची झुंज फार वेळ चालली नाही. जखमी झालेली नौका बांबोळीच्या किनाऱ्याला लागली. तिकडे दीवला ‘दिल्ली’ तोफा डागत होती. १९ डिसेंबरला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

या मोहिमेत सोमणांच्या ताफ्याने जे केले ते पाठ्यपुस्तकात शोभावे असे होते. समुद्राची वाट बंद करायची, शत्रूच्या नौकेला हलू द्यायचे नाही, जमिनीवरच्या फौजेला पाठीमागची काळजी ठेवायची नाही. नौदल वेळेवर आणि पुरते वापरले, तर काय होते याचा तो धडा होता. सहा महिन्यांत, जून १९६२ मध्ये, सोमण कटारींच्या जागी नौदलप्रमुख झाले.

फायलीवरची टिपणी

ते खुर्चीवर बसले आणि चारच महिन्यांत चीनने हिमालयात हल्ला केला. ती लढाई डोंगरातली होती, तिच्यात नौदलाला काम नव्हते. पराभवानंतर चव्हाण दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले, आणि संरक्षणावरचा खर्च वाढला. वाढलेल्या पैशाचा मोठा भाग भूदल आणि हवाई दलाकडे गेला, आणि ते समजण्यासारखेही होते. पण पाकिस्तानने १९६४ मध्ये अमेरिकेकडून ‘गाझी’ ही पाणबुडी मिळवली तेव्हा भारताकडे एकही पाणबुडी नव्हती.

१९६५ च्या १ सप्टेंबरला छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसले तेव्हा ताफ्यातल्या बऱ्याच नौका बंगालच्या उपसागरात होत्या. त्यांना मुंबईकडे बोलावले गेले. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत उघडी पडली होती. ६ तारखेला भारतीय फौजांनी पंजाबात सीमा ओलांडली. नौदलाला मात्र मंत्रालयाच्या फायलीवरून कळले, की आपण होऊन हल्ला करायचा नाही आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जायचे नाही.

सरकारकडे कारणे होती, आणि ती हलकी नव्हती. युद्ध जमिनीपुरते ठेवायचे, ते समुद्रात पसरू द्यायचे नाही, असे दिल्लीचे धोरण होते. इंडोनेशियाचे सुकार्नो उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने बोलत होते, त्यामुळे अंदमान-निकोबारची राखण हवी होती. सोमणांनाही हे दिसत होते. त्यांचा आक्षेप आदेशाच्या रूपाला होता. शत्रूच्या तळाकडे जाणारे पाणीच बंद केले, तर शत्रू केव्हा आणि कुठे येणार हे ठरवण्याचा हक्क त्याच्याच हाती जातो. ते चव्हाणांकडे गेले. तिथून पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत गेले. निर्णय कायम राहिला.

द्वारकेचे गणित

७ सप्टेंबरच्या रात्री ‘बाबर’ या क्रूझरसह सात पाकिस्तानी युद्धनौका द्वारकेसमोर आल्या. द्वारका पोरबंदरच्या उत्तरेला, म्हणजे त्या रेघेच्या वर. काही मिनिटांत त्यांनी शेकडो गोळे सोडले आणि त्या कराचीकडे वळल्या. बरेच गोळे मंदिर आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधल्या मऊ जमिनीत रुतले, कित्येक फुटलेच नाहीत. रेल्वेच्या विश्रामगृहाला तडाखा बसला. मंदिर वाचले.

नुकसान थोडे झाले, पण मन दुखावले ते सगळ्या देशाचे. द्वारका म्हणजे चार धामांपैकी एक. आपल्या विदर्भातूनही यात्रेकरू तिथे जातात. नौदल कुठे होते, हा प्रश्न संसदेत आणि चावडीवर एकदमच विचारला गेला, आणि खाकी-पांढऱ्या गणवेशातल्या माणसांना तो मान खाली घालून ऐकावा लागला.

याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. कराची ते द्वारका समुद्रमार्गे साधारण १९० सागरी मैल. मुंबई ते द्वारका सुमारे ३००. तासाला २० सागरी मैल हा वेग धरला, तर हल्ला करून निघालेली नौका दहा तासांच्या आत घरी पोचते. बातमी ऐकून मुंबईहून निघालेल्या नौकेला नुसते द्वारकेपर्यंत यायला पंधरा तास लागतात. पाठलागाची मुभा असली, तरी पाच तासांचे हे अंतर धाडसाने भरून निघत नाही. ते भरून काढायचे तर आधीपासून रेघेच्या वर, कराची आणि द्वारका यांच्यामध्ये गस्त घालावी लागते. तिथेच जायचे नव्हते. ‘तलवार’ ही फ्रिगेट द्वारकेपासून जवळच ओख्याला होती, पण यंत्रातल्या बिघाडामुळे ती दुरुस्तीला लागलेली होती.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबले. सोमणांनी वर्तमानपत्रांना बोलावून आदेशाचे खापर कुणावर फोडले नाही. देशात निवडून आलेले सरकार युद्धाची मर्यादा ठरवते, सेनापती तिच्या आत लढतो, ही शिस्त त्यांनी रागाच्या आणि अपमानाच्या दिवसांतही राखली. सीमेपलीकडे १९५८ पासून लष्कराची राजवट होती, आणि अफझल रहमान खान १९६६ मध्ये नौदलातून उतरून अयूब खानांच्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री झाले. एकाच आरमारात घडलेल्या दोन अधिकाऱ्यांच्या या दोन वाटा आहेत. आपल्या लोकशाहीचा पाया घालणाऱ्यांत आपण घटनाकारांना मोजतो, ते योग्यच आहे. पण ‘मला हे मान्य नाही’ असे सांगून मग सलाम ठोकणारी ही माणसेही त्याच पायात चिणलेली आहेत.

मार्च १९६६ मध्ये सोमण निवृत्त झाले. त्याआधी, १९६५ च्याच सप्टेंबरात, सोव्हिएत संघाशी पाणबुड्या आणि नौका घेण्याचा करार झाला होता. ८ डिसेंबर १९६७ रोजी ‘कलवरी’ ही भारताची पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. माझगावच्या गोदीत ‘निलगिरी’ फ्रिगेट बांधायला १९६६ मध्येच सुरुवात झाली, आणि ती लढायला तयार व्हायला १९७२ उजाडले. एका नौकेला सहा वर्षे लागतात. तिचा कप्तान घडायला वीस.

मानोरा

कराची बंदराच्या तोंडाशी एक चिंचोळी जमीन आहे, तिचे नाव मनोरा. आपल्या पोहरादेवीकडे जाताना लागणाऱ्या मानोऱ्याशी तिचे नाते फक्त उच्चाराचे, पण एवढ्यानेही ती लक्षात राहते. सरदारीलाल मथरादास नंदा यांचे बालपण त्या मनोऱ्यात गेले. कराचीचे पाणी, दिवे आणि खडक त्यांना घरच्या अंगणासारखे ठाऊक होते. सोमण नौदलप्रमुख असताना नंदा माझगाव गोदीचा कारभार पाहत होते. १९६५ ची सल त्यांच्या पिढीने जवळून अनुभवली होती. १९७० मध्ये ते स्वतः नौदलप्रमुख झाले.

पुन्हा युद्धाचे ढग दिसू लागले तेव्हा नंदांनी एक गोष्ट वेगळी केली. युद्ध सुरू होण्याची आणि फायलीवर टिपणी येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. ते आधीच इंदिरा गांधींकडे गेले आणि नौदलाने कराचीवर हल्ला केला तर सरकारला राजकीय अडचण आहे का, हे विचारून घेतले. अडचण नव्हती. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ यांच्या सोबतीने कराचीवर चालून गेल्या. त्या रात्री बुडालेल्या नौकांत ‘खैबर’ होती. सहा वर्षांपूर्वी द्वारकेवर गोळे टाकणाऱ्या सातांपैकी ती एक. ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन आहे तो त्या रात्रीमुळे.

नंदांनी युद्धाआधी जो प्रश्न विचारला, तो सोमणांनी युद्धात विचारला होता आणि नकार घेऊन परतले होते. एकाच्या नकारातून दुसऱ्याला प्रश्न विचारण्याची वेळ कळली. संस्था अशाच शिकतात, एका माणसाच्या कारकिर्दीत त्यांचा धडा पुरा होत नाही. सोमण १९९५ मध्ये गेले. कराचीची ती रात्र त्यांनी निवृत्तीत ऐकली असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे मी मनाने लिहिणार नाही.

थंडीतल्या एखाद्या रात्री, तुरीच्या शेताच्या बांधावर उभे राहून, उत्तरेकडे हात लांब करा. मुठीवर मूठ ठेवा, ध्रुवतारा सापडेल. आता वरच्या मुठीवर करंगळी आडवी धरा. पोरबंदरच्या रेघेवर उभ्या असलेल्या खलाशाला ध्रुव साधारण तेवढाच वर दिसतो. सोमणांच्या ताफ्याला ओलांडू न दिलेली रेघ आपल्या आकाशात करंगळीभर अंतरावर आहे.